गिट्टीचा हिशेब करून देणारे दुकान : बेसा भागातील एका घरबांधणीचा अनुभव

नागपूरच्या बेसा-घोगली भागातील आमच्या घरावर पहिला मजला चढवण्याचे काम मार्चमध्ये सुरू झाले आणि जुलैच्या पंधरवड्यात अंगणातल्या पेव्हर ब्लॉकपर्यंत येऊन संपले. या काळात गिट्टी (म्हणजे खडी), चुरी (क्रशरमधला बारीक दगडी चुरा), मुरूम आणि रेती आम्ही घरापासून दोन किलोमीटरवरच्या एकाच दुकानातून घेतली. दुकान निवडण्याचे कारण दर हे नव्हते. कोणत्या कामाला किती माल लागेल याचा अंदाज हे दुकान आपला माणूस साइटवर पाठवून विनामूल्य काढून देते, हे ते कारण होते. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले असल्यामुळे हा हिशेब समोर बसून तपासण्याची मला हौस होती, आणि घरच्यांना तेवढीच माझ्यापासून सुटका हवी होती. हा आढावा मुख्यतः त्या मोजणीच्या सेवेचा आहे. यात दोन तक्रारी आहेत. त्या ज्या सवयींतून आल्या त्या या धंद्यात सर्वत्र दिसतात, म्हणून दुकानाचे नाव लिहीत नाही.

मोजायला आलेला मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असावा. त्याच्याकडे टेप, चलनपुस्तक आणि कानामागे खोचलेली पेन्सिल एवढेच साहित्य होते, पण मोजण्याची पद्धत स्वच्छ होती. स्लॅब ३० फूट बाय ३४ फूट आणि जाडी ५ इंच, म्हणजे ४२५ घनफूट काँक्रीट, हे कोणीही काढील. बीम मोजताना मात्र बहुतेकांची गफलत होते, कारण नकाशावर बीमची खोली १८ इंच लिहिलेली असते आणि त्या १८ इंचांत स्लॅबचे ५ इंच आधीच धरलेले असतात. त्याने न सांगता १३ इंच खोली घेतली, ९ इंच रुंदी घेतली, आणि जिथे दोन बीम एकमेकांना छेदतात ती जागा दोनदा मोजली जाऊ नये म्हणून लांबी आतल्या तोंडापासून तोंडापर्यंत घेऊन १९० फूट भरवली. बीमचे काँक्रीट १५४ घनफूट आले आणि एकूण ५७९ घनफूट झाले. हे चलनाच्या पाठीमागे लिहिलेले कागद मी जपून ठेवले आहेत.

पुढची पायरी काँक्रीटवरून गिट्टीवर येण्याची. इंजिनिअरने एम-२० या ताकदीच्या दर्जाचे काँक्रीट सांगितले होते आणि मिश्रण एकास दीडास तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती आणि तीन भाग गिट्टी असे घनफळाने होते. आयएस ४५६ : २००० हे काँक्रीटचे भारतीय मानक एम-२० पर्यंत असे ठरीव प्रमाणाचे मिश्रण वापरू देते, त्याच्या वरच्या दर्जासाठी वजनाने आखलेले मिश्रण लागते. येथे नवख्या माणसाला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की १०० घनफूट ओले काँक्रीट हवे असेल तर कोरडे साहित्य १०० घनफूट पुरत नाही. गिट्टीच्या खड्यांमधल्या फटींत रेती शिरते, रेतीच्या कणांमधल्या फटींत सिमेंट शिरते, पाणी घातल्यावर सगळे आणखी दबते, आणि म्हणून कोरडे साहित्य ढोबळमानाने १५४ घनफूट घ्यावे लागते. या १५४ चे साडेपाच भाग केले आणि त्यांतले तीन गिट्टीला दिले, की ८४ उरतात. थोडक्यात, या मिश्रणात जितके काँक्रीट, त्याच्या ८४ टक्के गिट्टी आणि ४२ टक्के रेती. आमच्या ५७९ घनफुटांना ४८६ घनफूट गिट्टी, २४३ घनफूट रेती आणि सिमेंटच्या सुमारे १३२ गोण्या आल्या. मुलाने सांडलवंड धरून गिट्टीचा आकडा ५ ब्रास केला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, किंवा २.८३ घनमीटर. त्यातली ३ ब्रास २० मिलिमीटरची आणि २ ब्रास १० मिलिमीटरची घ्यायची, म्हणजे मोठ्या खड्यांमधल्या जागा लहान खडे भरून काढतात, हेही त्यानेच सांगितले. मानकानुसार गिट्टीचा मोठ्यात मोठा आकार त्या भागाच्या कमीत कमी जाडीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नसावा. आमच्या ५ इंचांच्या, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला २० मिलिमीटरची गिट्टी त्या नियमात आरामात बसते.

आमचे मिस्त्री हे सगळे पायऱ्यांवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “शंभर फुटाले अर्धा ब्रास धरा न मॅडम, येवढा हिशेब कायले करता?” मी गुणाकार केला. आमच्या १,०२० चौरस फुटांना त्यांच्या रीतीने ५.१ ब्रास आले, आणि माझी बोलती बंद झाली. तरीही या रीतीवर डोळे मिटून विसंबण्यात धोका आहे. बीमसकट ५ इंचांच्या स्लॅबला ती जुळते, पण पोर्चचा साधा ४ इंचांचा स्लॅब असेल आणि त्याला बीम नसतील, तर शंभर चौरस फुटांना २८ घनफूट गिट्टी पुरते आणि अर्धा ब्रास मागवणाऱ्याच्या दारात जवळजवळ तेवढाच ढीग उरतो.

हिशेबाला येथपर्यंत पूर्ण गुण. खरी गंमत माल आल्यावर सुरू झाली.

पहिला टिप्पर २० मिलिमीटरची अडीच ब्रास गिट्टी घेऊन आला. डाल्याची, म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्याची, आतली लांबी साडेबारा फूट, रुंदी सात फूट, आणि यार्डात माल सपाट करून २ फूट १० इंचांवर खडूची रेघ ओढलेली होती. हे घनफळ २४८ घनफूट होते, म्हणजे अडीच ब्रासला दोन घनफूट कमी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण आमच्या फाटकाशी मी टेप लावला तेव्हा माल रेघेच्या दोन इंच खाली होता. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मोजले, सरासरी २ फूट ८ इंच आली. हे २३३ घनफूट झाले. जवळजवळ पंधरा घनफूट गिट्टी दोन किलोमीटरच्या रस्त्यात नाहीशी झाली होती आणि मी ड्रायव्हरकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांसाठी मी राखून ठेवलेली होती.

त्याने न रागावता वजनकाट्याची चिठ्ठी काढून दिली. गाडीचे वजन वजा जाता माल १०.६ टन. ही चिठ्ठी हातात आल्यामुळे मला दुसऱ्या बाजूने पडताळणी करता आली. मी रंगाची रिकामी बादली घेतली. तिच्यावर २० लिटर लिहिलेले असले तरी काठापर्यंत तिच्यात जास्त मावते, म्हणून एक लिटरच्या मापाने वीस वेळा पाणी ओतून आत खिळ्याने रेघ मारली. मग त्या रेघेपर्यंत गिट्टी फावड्याने सैल टाकून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केले. बादलीचे वजन वजा करता ३०.२ किलो भरले. तीच बादली जमिनीवर पंचवीस-तीस वेळा आपटली, माल खाली बसला तशी रेघेपर्यंत आणखी गिट्टी घातली, आणि पुन्हा वजन केले तेव्हा ३२.१ किलो. प्रयोगशाळेत आयएस २३८६ प्रमाणे हीच चाचणी १५ लिटरच्या धातूच्या भांड्यात करतात. माझी पद्धत गावठी असली तरी तत्त्व तेच आहे.

एका घनमीटरला सैल गिट्टी १,५१० किलो आणि हादरून बसलेली गिट्टी १,६०५ किलो. आता टिप्परचे १०.६ टन या दोन आकड्यांनी भागून पाहावेत. सैल धरले तर ७.०२ घनमीटर, म्हणजे २४८ घनफूट. यार्डातली खडूची रेघ. बसलेली धरली तर ६.६ घनमीटर, म्हणजे २३३ घनफूट. माझ्या फाटकातला टेप. एक खडाही चोरीला गेला नव्हता. गिट्टी फक्त रस्त्याच्या खड्ड्यांवरून हादरत येताना बसली होती आणि दोन्ही मापे आपापल्या जागी खरी होती. ड्रायव्हरला मी चहा पाजला, हे लिहून ठेवणे न्याय्य होईल.

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे, की दुकानाच्या सेवेतली उणीव मला येथे पहिल्यांदा दिसली. चिठ्ठीवर “५ ब्रास” असते, पण ते ब्रास सुटे मोजलेले की बसलेले, हे लिहिलेले नसते. काँक्रीटचे प्रमाण मिस्त्री फर्म्याने (मापाच्या खोक्याने) किंवा घमेल्याने सैल टाकून मोजतात, म्हणून काँक्रीटच्या हिशेबाला सुटे ब्रासच लागते, आणि या मुलाने ते तसेच धरले होते. ग्राहकाला मात्र हे कोणी सांगत नाही. मग फाटकात टेप लावून भांडणारे माझ्यासारखे लोक तयार होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न मोजणारे.

दुसऱ्या टिप्परमध्ये १० मिलिमीटरची दोन ब्रास आली. उरलेला अर्धा ब्रास २० मिलिमीटरचा माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आला, आणि त्याचे बिल ब्रासऐवजी टनाने होते : २ टन. चौकशी केली तेव्हा कळले, की एक ब्रास म्हणजे ४ टन, असा दुकानाचा ठोकताळा आहे. माझ्या बादलीच्या हिशेबाने या गिट्टीचा एक सुटा ब्रास ४.२८ टनांचा होतो, म्हणजे अर्ध्या ब्रासला २.१४ टन हवेत. माल १४० किलोने कमी मिळाला आणि दाम अर्ध्या ब्रासचे लागले. ही माझी पहिली तक्रार. रक्कम मोठी नाही, पण ज्याला वीस ब्रास टनाने घ्यायचे आहेत त्याच्यासाठी हा सव्वा ब्रासहून जास्त फरक आहे.

चारचा आकडा मुळात खोटा नाही, तो सगळ्या दगडांना सारखा लागू होत नाही एवढेच. नागपूर शहर भूगर्भाच्या दृष्टीने सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेकडे दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, तर पूर्वेकडे फार जुना, फिकट रंगाचा नीस दगड लागतो. बेसाल्ट पाण्याच्या सुमारे २.८ ते २.९ पट जड असतो, नीस त्याहून हलका. हलक्या दगडाच्या गिट्टीला ब्रासमागे चार टन हे रूपांतर बरेच जवळचे ठरते; काळ्या गिट्टीला ते ग्राहकाच्या विरुद्ध जाते. वजनाने माल घ्यायचा असेल तर एक बादली आधी मोजून घ्यावी, दहा मिनिटांचे काम आहे. कायद्याने मोजमाप मेट्रिक पद्धतीत असायला हवे हे खरे, पण गौण खनिजांची रॉयल्टी खुद्द महसूल खाते ब्रासवर आकारते, तेव्हा दुकानदाराला घनमीटरचा उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही.

स्लॅब एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला सुरू केला. आदल्या रात्री गिट्टीवर पाणी मारून ठेवा, असे दुकानाच्या मुलाने फोन करून आठवण दिली होती. नागपूरच्या उन्हात दिवसभर तापलेली गिट्टी काँक्रीटचे तापमान वाढवते आणि पाणीही शोषून घेते, त्यामुळे मिश्रण लवकर घट्ट होते. ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. माल विकून झाल्यावर असा फोन करणारे दुकान मी आधी पाहिलेले नव्हते.

दुपारी काम आटोपल्यावर उरलेली गिट्टी एका कोपऱ्यात शंकूसारखी ओढून ठेवली. ती किती उरली हे काढायला वहीतले सूत्र आठवावे लागते, पण त्रिज्या मोजायला ढिगाच्या मध्यभागी पोचता येत नाही. म्हणून सुतळीने पायथ्याचा घेर मोजावा, त्याचा वर्ग करावा, उंचीने गुणावे आणि ३८ ने भागावे. घेर १८ फूट आणि उंची २.१ फूट होती, तेव्हा सुमारे १८ घनफूट आले. आलेला माल ४.९५ ब्रास, उरलेला ०.१८, म्हणजे लागली ४.७७ ब्रास. कागदावरचा अंदाज ४.८६ होता. दोन टक्क्यांचा फरक कोणत्याही घमेल्यात सहज जिरतो. त्या मुलाला मी पेढे नेऊन दिले.

गिट्टीच्या प्रतीबद्दल थोडक्यात लिहिते. खडे बहुतांशी घनाकृती होते. मूठभर गिट्टी पांढऱ्या कागदावर पसरून चपटे आणि लांबट खडे वेगळे काढले, तर ते पाचव्या हिश्शाच्या आत भरले. आयएस ३८३ : २०१६ मध्ये चपट्या आणि लांबट खड्यांचे एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत चालते. चपटी गिट्टी एकमेकींवर नीट बसत नाही, फटी जास्त राहतात, आणि त्या भरायला सिमेंट-रेती जास्त लागते, म्हणून स्वस्त चपटी गिट्टी शेवटी महागच पडते. १० मिलिमीटरच्या मालात मात्र धूळ बरीच होती. ती धुऊन घ्यावी लागली आणि दुकानाने त्याबद्दल काही मानले नाही. प्रत्येक गाडीबरोबर वाहतुकीचा परवाना आला आणि बिल ५ टक्के जीएसटीसह पक्के मिळाले. दर येथे देत नाही, कारण डिझेल, रॉयल्टी आणि खाणीचे अंतर यांप्रमाणे तो महिन्यागणिक हलतो.

आता अंगण. याच ठिकाणी या सेवेचे गुण कापले जातात.

गाडी उभी करायच्या जागेसाठी ३० फूट बाय १४ फूट, म्हणजे ४२० चौरस फुटांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. आमच्याकडची जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर ६ इंच दाबलेल्या मुरमाचा थर हवा असे इंजिनिअरने लिहून दिले होते. मुलाने ४२० ला अर्ध्या फुटाने गुणले आणि २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास मुरूम लिहून दिला. मुरूम आला, पसरला, पाणी मारले, थर दाबणारे यंत्र, प्लेट कॉम्पॅक्टर, दोन दिवस फिरले आणि थर भरला जेमतेम पावणेपाच इंच. मी फोन केला तेव्हा तो प्रामाणिक आश्चर्याने म्हणाला, “मॅडम, क्षेत्रफळ गुणिले जाडी, बरोबरच तर आहे.”

गुणाकार बरोबरच होता. चुकली ती जाडीची अवस्था. नकाशातले सहा इंच दाबून झाल्यानंतरचे असतात आणि गाडीत येतो तो सुटा मुरूम. दाबल्यावर त्याचे घनफळ कमी होते, म्हणून कागदावरच्या घनफळाला ढोबळमानाने १.२ ते १.३ ने गुणून माल मागवायचा असतो. आमच्या बाबतीत १.२५ धरले असते तर २६२ घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास जास्त लागला असता, आणि नेमका तेवढाच मागाहून मागवावा लागला. वेगळी ट्रॉली, वेगळे भाडे, आणि कॉम्पॅक्टरचा एक दिवस वाया. काँक्रीटच्या हिशेबात १.५४ चा आकडा न विसरणारा मुलगा येथे दाबणी विसरला. काँक्रीटचा गुणक त्याला पाठ करून दिलेला होता, त्यामागचे कारण कोणी सांगितलेले नव्हते, असे मला वाटते. शाळेतही हेच होते.

दुसरी तक्रार चुरीची. मुरमावर दीड इंच चुरीचा थर आणि ब्लॉकच्या सांध्यांसाठी थोडी जास्त, असा ६० घनफूट, म्हणजे ०.६ ब्रास हिशेब होता आणि तो योग्यच होता. पण तोवर जुलै लागला होता. यार्डात उघड्यावर पडलेली चुरी भिजून आली आणि घनफळाने मोजून आली. गिट्टी भिजली तर तिचे घनफळ बदलत नाही, कारण खडे मोठे असतात. चुरी किंवा रेती थोडीशी ओली असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि माल फुगतो. पूर्ण बुडवली तर ती पुन्हा खाली बसते.

हे मोजायला बांधकामावर सर्रास वापरली जाणारी सोपी चाचणी आहे. लोणच्याची सरळ बाजूची काचेची बरणी घेतली, त्यात आलेली ओलसर चुरी सैल भरली आणि वर सपाट केली. उंची २० सेंटिमीटर. ती काढून बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घेतले, चुरी पुन्हा आत टाकून ढवळली आणि बसू दिली. या वेळी उंची १६ सेंटिमीटर. म्हणजे चुरी २५ टक्के फुगलेली होती, आणि ६० घनफुटांचे पैसे देऊन मला कोरड्या मापाने ४८ घनफूट मिळाले होते. मग उत्सुकतेपोटी त्याच चुरीची एक किलो तव्यावर मंद आचेवर परतून वाळवली, तर ९४० ग्रॅम उरली. घरात दिवसभर क्रशरचा वास येत होता आणि त्यावर घरच्यांनी जे मत दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. पण या दोन प्रयोगांतून कामाची गोष्ट निघाली. ओली चुरी वजनाने घेतली असती तर पाण्यापोटी ६ टक्के नुकसान झाले असते. घनफळाने घेतल्यामुळे ते २० टक्के झाले. पावसाळ्यात चुरी आणि रेती वजनाने घ्यावी. काळी गिट्टी मात्र ब्रासनेच घ्यावी, किंवा टनाने घ्यायची तर बादलीचा आकडा हाती ठेवून. दुकानात नेमके उलट चालते : गिट्टीची छोटी ट्रॉली टनाने आणि चुरी ब्रासने.

हे सगळे घेऊन मी दुकानात गेले तेव्हा मालक गल्ल्यावर होते. बरणी बरोबर नेली होती. त्यांनी ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “ताई, पावसात वाळवलेली चुरी कुठून आणू मी?” प्रश्न रास्त होता. वाळवलेली नको, मोजताना फुगवटा धरा, एवढेच माझे म्हणणे होते. थोड्या वाटाघाटीनंतर त्यांनी १२ घनफूट चुरी पुढच्या फेरीत विनामूल्य देण्याचे कबूल केले आणि दिली. मुरमाच्या जादा भाड्याबद्दल मात्र “अंदाज फुकट आहे, त्याची गॅरंटी नाही” असे उत्तर मिळाले. फुकट सेवेच्या भरवशावर गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा हे उत्तर मला पटलेले नाही.

बागेचे काम किरकोळ होते आणि त्यात तक्रारीला जागा नाही. छतावरचे पाणी मुरवण्यासाठी ४ फूट बाय ४ फूट आणि ६ फूट खोल खड्डा केला. त्याला ९६ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास ४० मिलिमीटरची गिट्टी लागते असे मुलाने सांगितले आणि तेवढीच लागली, कारण येथे दाबणी करायची नसते. उलट फटी मोकळ्या राहायला हव्यात. सुट्या गिट्टीत साधारण ४५ टक्के जागा रिकामी असते, म्हणजे या खड्ड्यात एका वेळी सुमारे १,२०० लिटर पाणी थांबते आणि सावकाश मुरते. काळी माती गिट्टीत शिरून फटी बुजवू नये म्हणून खड्ड्याच्या कडेने जिओटेक्सटाइल कापड लावा, ही सूचना त्याचीच, आणि ते कापड दुकान विकत नाही.

उरलेला माल दुकान परत घेत नाही, हे आधी विचारून ठेवावे. आमचा तो १८ घनफुटांचा शंकू शेवटी त्याच खड्ड्यावर वरचा भराव म्हणून गेला.

काँक्रीटसाठी मी या दुकानाचा हिशेब डोळे मिटून नाही, पण एका डोळ्याने स्वीकारीन. दाबायच्या थरांसाठी तो स्वतः पुन्हा करीन. माल वेळेवर येतो, गाडीबरोबर वजनाची चिठ्ठी मागितली तर मिळते, आणि तक्रार घेऊन जाणाऱ्याला बसायला खुर्ची देतात. आमच्या शेजाऱ्यांनी हाच आढावा तोंडी ऐकून ऑर्डर दिली आहे आणि माझी खुणेची बादली नेली आहे.

गेल्या आठवड्यात कंपाउंडच्या भिंतीच्या पायाचे माप घ्यायला तोच मुलगा आला होता. खड्ड्यात उतरून त्याने तळाची लांबी-रुंदी घेतली, चलनाच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडे दिला. गिट्टीच्या आकड्यापुढे “सुटी” आणि मुरमाच्या आकड्यापुढे “दाबून ६ इंच, सव्वापट मागवणे” असे त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलेले होते. सव्वाच्या खाली दोनदा रेघ होती.